नव्याण्णव हजार गावे आणि वीस मिनिटे

बदामी, बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे आणि कूडलसंगम ही पाच ठिकाणे एका दिवसात दाखवून रात्री पुन्हा विजापुरात आणून सोडण्याची सहल ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याच्या धाडसाचे मला कौतुकच वाटते. मात्र पत्रकात प्रत्येक ठिकाणासमोर छापलेला वेळ कोणत्या हिशेबाने ठरवला होता, हे कोडे मला उलगडलेले नाही. बनशंकरीचे दर्शन आणि जेवण यांसाठी दोन तास होते, पट्टदकलसाठी पाऊण तास, आणि चालुक्यांच्या कारागिरांनी जिथे देऊळ कसे बांधावे याचे नाना प्रयोग करून पाहिले, त्या ऐहोळेसाठी वीस मिनिटे.

बस मराठी कुटुंबांनी भरलेली होती आणि त्यांतील बऱ्याच घरांचे कुलदैवत बनशंकरी असल्यामुळे दोन तासांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. खरे तर माझीही फारशी नाही. देवळाबाहेर डोक्यावर टोपल्या घेऊन फिरणाऱ्या बायकांकडून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही घेऊन झाडाखाली बसले, तेव्हा वाढणाऱ्या मावशींनी भाकरी संपण्याआधीच दुसरी पानात टाकली आणि नको म्हटल्यावर कानडीत मला दटावले. सहलीच्या दरात धरलेले हॉटेलातले जेवण मी सोडून दिले, आणि ते ज्यांनी जेवले त्यांनी नंतर माझा हेवा केला.

त्याआधीची बदामी मात्र धावतपळत झाली. पहाटे निघालेल्या बसने कृष्णा ओलांडली तेव्हा बहुतेक जण झोपेतच होते. बागलकोट मागे पडून तांबड्या वालुकाश्माचे कडे दिसू लागल्यावर बसला जाग आली. चार लेणी, त्यांच्यामधल्या पायऱ्या आणि हातातल्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडे यांच्यासाठी तासभर पुरणे शक्यच नव्हते, म्हणून मी तिसऱ्या लेण्यातच थांबले. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू तिथे आहे आणि चालुक्य घराण्यातील मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इ.स. 578 चा लेखही तिथेच आहे. निश्चित सालाची लेणी आपल्याकडे इतकी थोडी आहेत की असा लेख समोर असताना चौथ्या लेण्याकडे पळत जावेसे मला वाटले नाही. अगस्त्य तळे आणि त्याच्या काठावरची भूतनाथाची देवळे वरूनच पाहिली.

पट्टदकलचा पाऊण तास मी विरूपाक्षाला दिला. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांच्या कांचीवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात हे देऊळ बांधवले, आणि ते बांधणाऱ्या गुंड नावाच्या स्थपतीचा गौरवही तिथल्या शिलालेखात नोंदलेला आहे. वेरूळचे कैलास ज्याने पाहिले आहे त्याला इथे आल्यावर ओळखीचे काहीतरी दिसते, कारण राष्ट्रकूटांच्या त्या लेण्यामागे हेच देऊळ नमुना म्हणून होते, असे अभ्यासक मानतात. शेजारीच उत्तरेकडच्या घाटणीची शिखरे आणि दक्षिणेकडची विमाने एकाच आवारात उभी आहेत. हे सारे पाहत असताना व्यवस्थापकाची शिट्टी वाजली. आम्ही शाळकरी मुले असल्यासारखी ती शिट्टी दिवसभर वाजत होती, आणि तिचा राग माझ्या मनात पट्टदकलपासूनच साठत गेला.

ऐहोळेला बस दुर्गा मंदिरासमोर थांबली. मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार असलेले ते गजपृष्ठाकृती देऊळ सुंदर आहे आणि बाहेरच्या प्रदक्षिणामार्गातील मूर्ती तर फारच. परंतु मला गावाशेजारच्या टेकडीवरील मेगुती मंदिरात जायचे होते. तसे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाला, "वर काही नाही मॅडम, एक पडकं देऊळ आहे. शिवाय पायऱ्या आहेत." ज्या शिलालेखावाचून चालुक्यांचा इतिहास नीट लिहिताच आला नसता, तो त्या पडक्या देवळाच्या भिंतीत आहे, हे त्याला सांगण्यात वीसपैकी दोन मिनिटे घालवणे मला परवडणारे नव्हते. बसमधले एक निवृत्त शिक्षक तेवढे माझ्याबरोबर निघाले. अर्ध्या वाटेवर दुमजली बौद्ध विहार लागतो. एरवी त्यासाठी वेगळा तास काढला असता, त्या दिवशी मात्र त्याच्यापुढे नुसती धाप टाकली.

लेख देवळाच्या पूर्वेकडील भिंतीत आहे. दगडावर एकोणीस ओळी, भाषा संस्कृत, लिपी जुनी दाक्षिणात्य, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यातले एक अक्षर वाचता आले नाही. हे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवणाऱ्या रविकीर्तीने इ.स. 634 मध्ये रचलेली ही चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे. उत्तरेच्या हर्षवर्धनाला त्याने कसे नमवले हे तीत आहे. काळ सांगताना शके 556 च्या जोडीने भारतयुद्धाला 3735 वर्षे झाल्याचा हिशेब आहे. आणि शेवटी कवीने स्वतःची कीर्ती कालिदास व भारवी यांच्या बरोबरीची ठरवून टाकली आहे. या आत्मस्तुतीचे उपकार मोठे आहेत, कारण कालिदास इ.स. 634 च्या आधीचा, हे तिच्यावरून नक्की सांगता येते. गुरुजींना लेखातला महाराष्ट्राच्या उल्लेखाचा श्लोक पाठ होता. कमरेवर हात ठेवून, श्वास पुरता जागेवर यायच्या आत त्यांनी तो मोठ्याने म्हटला: "अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्." नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा हा अधिपती. आपल्या प्रदेशाचे नाव ज्या जुन्या लेखांत सापडते त्यांतला हा एक प्रमुख लेख समोर होता, आणि मराठी माणसांनी भरलेली बस खाली हॉर्न वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते चढामुळे नव्हते. हॉर्न पुन्हा वाजला. आम्ही दोघांनीही तो न ऐकल्यासारखे केले आणि देवळाला निवांत एक फेरी मारली.

खाली आल्यावर स्वागत अपेक्षेप्रमाणेच झाले. आमच्यामुळे कूडलसंगमला अंधार होणार, असे व्यवस्थापकाने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, आणि तसा तो झालाही. कृष्णा-मलप्रभेचा संगम आणि बसवेश्वरांचे ऐक्यस्थान दिव्यांच्या उजेडात पाहावे लागले. पण तिथवरच्या वाटेत एका काकूंनी "एवढं काय होतं वर?" असे विचारले आणि गुरुजींनी तो श्लोक अर्थासह पुन्हा म्हटला. मग हे तीन महाराष्ट्रक कोणते, याची चर्चा सुरू झाली. यावर इतिहासकारांचेच एकमत नाही, असे गुरुजी सांगत असताना सांगलीच्या एका गृहस्थांनी कृष्णाकाठ त्यात धरलाच पाहिजे असा आग्रह धरला, अकोल्याच्या वहिनींनी विदर्भाला वगळू देणार नाही असे बजावले, आणि मघाशी उशिराबद्दल सर्वांत जास्त चिडलेल्या काकांनी व्यवस्थापकाला विचारले, "अहो, मग हे तुमच्या पत्रकात का नाही?"

"कोणी मागतच नाही, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने शिट्टी खिशात ठेवली.