आईच्या अर्जातला एक रकाना

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आईंची आंघोळ त्या स्वतः करतात का?" वडील गेल्यापासून आई सांगलीला एकटी असते; तिला कायमचे इकडे आणता येईल का, एवढेच विचारायला मी गेलो होतो. करते, म्हणालो. त्यावर त्यांनी पेन मिटून ठेवले.

ब्रिटनमध्ये ९ जुलै २०१२ पासून असा नियम आहे, की नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या मुलाला आईवडिलांना आणायचे असेल, तर वय, आजार वा अपंगत्वामुळे त्यांना आंघोळ, कपडे, स्वयंपाक यांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी मदत मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे त्याने सिद्ध करावे. त्याआधी मुलांच्या पैशांवर अवलंबून असलेल्या पासष्टीपुढच्या पालकांना वाट बरीच मोकळी होती. आताची गोम अशी, की सरकारी मदतीवाचून आईला सांभाळण्याइतकी माझी मिळकत दाखवावी, तर तेवढ्यात सांगलीला बाई ठेवता येते. न दाखवावी, तर अर्जच उभा राहत नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही हा नियम वैध ठरवला. शुल्क तीन हजार पौंडांच्या वर आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही.

आरोग्यसेवेवर भार पडू नये, ही सरकारची काळजी मला अगदीच अनाठायी वाटत नाही. त्या सेवेसाठी मीही कर भरतो. पण आई धडधाकट असताना तिला येऊ द्यायचे नाही आणि अंथरुणाला खिळली की तिच्या खिळण्याचे पुरावे मागायचे, हा हिशेब मला उलगडत नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांची अट सुचवली आहे. तसे झाले, तर नव्याने आलेल्यांना हा अर्ज करायलाच आणखी पाच वर्षे थांबावे लागेल.

फोनवर आईला हे सांगितले, तर ती उखडलीच. "मला लुळीपांगळी लिहिणार होय रे? भाकऱ्या अजून मीच थापते." त्यामुळे ती पाहुणी म्हणूनच येते, एका खेपेला फार तर सहा महिने; रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्याच मोजून आणते.

आता तिच्याकडे सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, आई न्हाणीघरात घसरली होती. हाड मोडले नव्हते. फार लागले का, हे मी विचारले. आंघोळ आता स्वतःची स्वतः जमते का, हा पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला.