शेजवान, कमी तिखट

संध्याकाळी सात वाजले की कोपऱ्यावरच्या गाडीची भट्टी पेटते आणि तिची घरघर दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीपर्यंत येते. लाल गाडी, तिच्यावर पिवळा ड्रॅगन. रंगवणाऱ्यानं तो बहुधा गणपतीच्या उंदरावरून बेतला असावा. पाटीवर ‘मंचुरियन’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय, पण त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

पार्सल मिळेपर्यंत त्या कढईकडे बघत उभं राहायला मला आवडतं. भात आधीच शिजवून गार केलेला असतो, कारण गरम भात परतला की त्याचा गोळा होतो. हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही. फोडणीचा भात ती कायम रात्रीच्या उरलेल्या भाताचाच करते. तरी तिचा घरचा फ्राइड राइस कधी तसा लागला नाही. सॉस तेच, कोबी तोच, कमी पडते ती आग. आमच्या गॅसवर कोबीला आधी पाणी सुटतं, मग तो बापडा शिजतो. गाडीवर त्याला तेवढी सवडच मिळत नाही.

मंचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी ते १९७५च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लबात केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच सुरुवात. पुढे गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. म्हणजे ते मुंबईकरच.

मला खरा धक्का दिला तो शेजवाननं. हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं. तिथल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ झिणझिणवणारं एक छोटंसं वाळकं फळ. आमच्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसतं. असते ती लाल मिरची, लसूण आणि सढळ तेल. हे फळ कुठलं म्हणून शोधायला गेलो, तर ते निघालं तिरफळाचं चुलतभावंड! एकाच कुळातली झाडं.

तिरफळ. म्हणजे मालवणला आजीच्या डब्यातलं, बांगड्याच्या आमटीत पडणारं. लहानपणी मी ते एकदा कचकन चावलं होतं. जीभ बधिर झाली, ती आता कायमची गेली असं समजून मी रडलो, आणि आजी हसत म्हणाली, “तां चावूचा नसता रे, बाजूक काढ.” चिनी खाण्याशी माझी पहिली ओळख झाली ती अशी, पाटावर बसून, आणि मी इतकी वर्षं ती या गाडीवर शोधत होतो.

परवा चार तिरफळं खिशात टाकून खाली उतरलो. शेजवान राइसमध्ये एवढी घालून बघा, म्हटलं. गाडीवाल्या दादांनी एक उचललं, वास घेतला, चिमटीत चुरडून पुन्हा वास घेतला आणि बाकीची माझ्या तळहातावर परत ठेवली.

“गिऱ्हाईक पळेल,” म्हणाले. मग कढईत तेल सोडत, “तुमचं नेहमीचंच ना? तिखट कमी?”