नाल्याकाठचा रॅम्प आणि निळी रेषा
कोल्हापुरात जयंती नाल्याच्या कडेला घर झालं की लगेच गाडी आत घ्यायला रस्ता पाहिजे, मग मुरमाचे डंपर येतात, भराव पडतो, वर पेव्हिंग ब्लॉक अन् खाली एकच सिमेंटचा पाइप, त्यात पहिल्याच मोठ्या पावसात प्लास्टिक अडकतं आणि पाणी मागं फुगतं. अहो पण पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची रेषा, बघा की आधी! निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची, निळीच्या आत, म्हणजे पाण्याच्या बाजूला, भराव चालत नाही. नियम कडकच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली की नाल्याचं पाणी नदीत जायचं सोडून उलटं गल्लीत शिरतं, २०१९ ला अन् २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. काम काढायच्या आधी नगररचना विभागात जाऊन नकाशा बघून या.