घाबरा की, पण पाय आवळून घाबरा!

“काका, घाबरा की, पण पाय आवळून घाबरा!”

आज सकाळी सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये दंडाला रबरी पट्टा बांधता बांधता ती पोरगी हे म्हणाली. वय असेल तेवीस-चोवीस. मी आधीच सांगून टाकलेलं, बाई मला सुई बघून चक्कर येते, मागं एकदा रक्तदान शिबिरात नुसतं दुसऱ्याचं बघून आडवा झालेलो, मित्र अजून हसतात.

आजवर सगळे म्हणायचे रिलॅक्स व्हा, अंग सैल सोडा. हिनं उलटंच सांगितलं. मांड्या, पोट अन् दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद गच्च आवळा, चेहरा गरम वाटला की सोडा, परत आवळा. सुईचा हात तेवढा सैल ठेवा. मी खुर्चीत पैलवानासारखा बसलो, बाजूच्या आजी टकामका बघत होत्या. जांभळ्या टोपणाची नळी भरली तरी मी शुद्धीत!

घरी येऊन कडक भाकरी अन् शेंगा चटणी खाता खाता वाचलं तर खरंच निघालं की. बाकीच्या भीतीत बीपी वाढतं, रक्ताच्या-सुईच्या भीतीत आधी वाढतं अन् मग धाडकन पडतं, म्हणून चक्कर. अंग आवळलं की ते पडत नाही. लार्स-यॉरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्येच या आवळण्यावर लिहून ठेवलंय.

म्हणजे मी भित्रा नव्हतो, बीपी पडत होतं. (भित्रा पण आहे थोडा.) अन् चाळीस वर्षं सगळे म्हणत होते, “पुरुषासारखा पुरुष अन् सुईला घाबरतो!”

तुमच्यात कोण कोण आहे असं? खरं सांगा.