तुम्ही विचारलंत म्हणून: भाव एकच, मग घरं दोन तऱ्हेची का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या गावी आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला हे विचारतो. "गुरुजी, डोंगर एक, पीक एकच काजूचं, विकतात त्याच वाळपईच्या बाजारात. मग एकाची माडी चढते आणि दुसऱ्याच्या छपरावर दर पावसाळ्यात प्लास्टिक का?" काहीजण उत्तरही देऊन टाकतात: आळस, दारू. मला ते ऐकवत नाही. आमचं घर माडीवाल्यांपैकी, आणि माडी कशी चढली ते मी पाहिलंय.

मार्चमध्ये काजूचे बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ती रसाळ फळं, पडू लागले की बायामाणसं उजाडायच्या आत डोंगर चढतात. बोंडू लगोलग फेणीच्या भट्टीवर गेला पाहिजे, नाहीतर वाया. बीचं तसं नाही. चार उन्हं दाखवून पोत्यात भरली की महिनोन्महिने टिकते. सगळं या टिकण्यात आहे.

आमच्या माळ्यावर पोती रचलेली असायची. भाव उतरला की वडील गप्प बसायचे, मृग जवळ येईपर्यंत वाट बघायचे. शेजारची काकी मात्र रोज तिन्हीसांजेला दिवसभराची बी दुकानात नेऊन घालायची. चवथीला घेतलेली उचल त्यातून वळती व्हायची, आणि ज्याची उचल, त्याचा भाव. पुढे तीच बी दुकानदाराच्या गोदामात थांबायची. दर चढला तर वरचे पैसे त्याचे.

थांबून तोटाही होतो. आफ्रिकेची बी स्वस्तात कारखान्यांत आली की इथला भाव बसतो. एका साली आमचीही पोती पडत्या भावात गेली. पण त्या साली आमच्या घरात कुणाची फी अडली नाही. काकीकडे एक आठवडा वाईट गेला तर चूल अडायची.

सरकारी आधार आहे ना, असं पुढचं विचारणं असतं. आहे, आणि तो हवाच. २०२३ मध्ये काजूबीचा आधारभूत दर किलोला १२५ वरून १५० रुपये झाला. बाजारात कमी मिळालं तर फरक खात्यात जमा होतो. त्यासाठी कृषी कार्ड लागतं, बी विकत घेणाऱ्या सहकारी सोसायटीची पावती लागते. उचल देणारा दुकानदार पावती कशाला देईल? आणि कार्डामागे एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर नाव असल्याचा सरकारी कागद, आलाच. १९६४ चा कूळ कायदा झाला, १९७६ च्या दुरुस्तीनं कुळांना मालकी दिली, तरी सत्तरीत आल्वारा आणि मोकासो म्हणजे जुन्या राजवटींत सनदेनं दिलेल्या जमिनींवर पिढ्यान्पिढ्या काजू राखणाऱ्या कितीतरी जणांचं नाव अजून कागदावर चढलेलं नाही. काकीचंही नव्हतं. तिनं स्वतः लावलेली झाडं कागदोपत्री दुसऱ्याची होती.

आता डोंगर तिची सून चढते. उचल आहेच, दुकानही तेच. म्हणून गावच्या प्रत्येक बैठकीत मी एकच मागणं मांडतो: उतारा असो वा नसो, सोसायटीनं तिचं पोतं ठेवून घ्यावं, पावती द्यावी, आणि त्या पावतीवर त्याच संध्याकाळी निदान निम्मे पैसे तिच्या हातात पडावेत.