फ्रोझनचा फोन

बाळ गगनबावड्याकडचं, पाच महिन्यांचं. हातपाय काटकुळे, पोट टम्म. जन्मानंतर पहिले दोन दिवस काळी शी झालीच नव्हती. पुढे आजी एरंडेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ लावायची, की फसकन वारा आणि शी बाहेर. उपाय लागू पडतोय, असंच घरात वाटत राहिलं. आजींना मी दोष देणार नाही. डॉक्टरांनी बोटाने तपासलं तरी असंच फसकन होतं, आणि त्यावरूनच संशय बळावतो.

हिर्शस्प्रुंगचा आजार. साधारण पाच हजारांत एका बाळाला होतो, मुलग्यांत जास्त. आतड्याला हलवणाऱ्या गँग्लियन पेशी गर्भात वरून खाली उतरत येतात. त्या मध्येच थांबल्या की खालचा भाग कायम आवळलेला राहतो आणि वरचं आतडं फुगतं. दिसायला रोगट फुगलेलं आतडं, खरा बिघाड मात्र खालच्या बारीक भागात. पूर्वी सर्जनही यात फसत. १९४८ मध्ये सर्जन स्वेन्सन यांनी तो खालचा भाग काढून निरोगी आतडं गुदद्वारापर्यंत ओढून आणलं.

पण निरोगी कुठून सुरू होतं? हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच तुकडा आमच्याकडे, पॅथॉलॉजीत येतो. तो गोठवून लगेच तपासायचा, यालाच आम्ही ‘फ्रोझन’ म्हणतो.

पहिला तुकडा गोठवला, कापला, रंगवला. पेशी नाहीत. ‘आहे’ म्हणायला एक पेशी पुरते. ‘नाही’ म्हणायला काप उलटसुलट धुंडाळावे लागतात, त्यात तान्ह्यांच्या पेशी लहान, चकवणाऱ्या. आणि तिकडे बाळ भुलीत.

दुसरा तुकडा वरचा. फोन आला, “मॅडम, आहेत ना पेशी?”

“आहेत. पण विरळ, आणि मज्जातंतू जाड आहेत. अजून वर जा, सर.”

पलीकडे क्षणभर शांतता. आणखी वर म्हणजे आणखी आतडं सोडवायचं, वेळ वाढणार. पण या सीमेवरच्या पट्ट्यात जोडलं, तर बद्धकोष्ठ पुन्हा मागे लागतो. तिथे भीड उपयोगाची नाही.

तिसऱ्यात पेशींचे भरगच्च पुंजके, मज्जातंतूही नेहमीसारखे. “इथे जोडा,” मी म्हणाले.

नंतर सावकाश तयार केलेल्या पक्क्या स्लाइड्सही तेच बोलल्या. डिस्चार्जच्या वेळी सर्जननी आईला बजावलं: पोट फुगलं, ताप आला, घाण वासाचे जुलाब लागले, तर रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना गाठायचा. आतड्याला सूज येण्याचा धोका ऑपरेशननंतरही असतो.