काट्यावर बंडी उभी राहण्याआधी: कोणती फाईल नाही, हे इन्स्टॉलरनंच सांगावं

जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरचा संगणक प्रोग्राम बहुतेक वेळा सुट्या मॉड्यूलचा असतो. वजन वाचणारं एक, पावती छापणारं दुसरं, चुकाऱ्याचा हिशेब करणारं तिसरं. पावतीचं मॉड्यूल पहिली पावती काढतानाच लोड होत असेल, तर त्याला लागणारी फाईल नसल्याचं तेव्हाच कळतं. तोवर काट्यावर कापसाची बंडी चढलेली असते आणि मागे रांग लागलेली असते.

त्यात विंडोजचा संदेश दिशाभूल करतो. एरर १२६ म्हणजे 'मॉड्यूल सापडलं नाही'. पण ती डीएलएल, म्हणजे मॉड्यूलची फाईल, तर फोल्डरमध्ये समोर दिसते! बहुधा तिला लागणारी दुसरीच डीएलएल नसते आणि तिचं नाव संदेशात येत नाही. ऑपरेटर बिचारा तीच फाईल पुन्हा पुन्हा कॉपी करतो. एरर १९३ आला तर आधी ३२-बिट आणि ६४-बिट फायलींची सरमिसळ तपासा, एका प्रकारच्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या प्रकारची डीएलएल लोड होत नाही. संगणक ६४-बिट असला तरी ३२-बिट प्रोग्रामला व्हिज्युअल सी++ रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फायलींचा संच) ३२-बिटच लागतो.

म्हणून प्रत्येक मॉड्यूलसोबत यादी द्या: काय लागतं, किमान कोणती आवृत्ती, किती बिट, सक्तीचं की ऐच्छिक. एकही फाईल कॉपी करण्याआधी इन्स्टॉलरनं ती पूर्ण यादी तपासावी आणि जे जे नाही ते एकदमच दाखवावं. एकेक करून सांगितलं, तर नेट नसलेल्या गावातून तालुक्याला तितक्याच फेऱ्या होतात. फाईल जागेवर आहे एवढं पाहून भागत नाही. ती लोड करून बघा, आणि प्रोग्राम ज्या युजरखाली चालणार त्याच युजरखाली.

संदेश असा हवा: 'पावती मॉड्यूल बसवलेलं नाही. व्हिज्युअल सी++ रनटाइम ३२-बिट लागतो, इथे फक्त ६४-बिट आहे. पेनड्राइव्हवरच्या रनटाइम फोल्डरमधला ३२-बिट सेटअप चालवा.' नुसतं 'त्रुटी आली' लिहिणं म्हणजे ऑपरेटरला वाऱ्यावर सोडणं.

एसएमएसचं मॉड्यूल नसेल तर इशारा देऊन पुढे जाऊ द्या. वजनाचं नसेल तर तिथेच थांबवा. वजन शून्य धरून पावती कधीही निघता कामा नये. यूएसबी-सिरियल केबलचा ड्रायव्हरही या यादीत घ्या. केबल दुसऱ्या खाचेत लावली की तिच्या पोर्टचं विंडोजमधलं नाव कॉम ३ चं कॉम ५ होऊ शकतं, तेव्हा ठरवलेला पोर्ट खरंच आहे का, हेही तपासा.

जुन्या प्रोग्रामला लागणारं डॉट नेट ३.५ (हाही मायक्रोसॉफ्टचा रनटाइमच) विंडोज १० मध्ये सुरुवातीला चालू नसतं, आणि चालू करताना विंडोज नेटवरून फायली मागते. नेट नसेल तर त्याच आवृत्तीच्या विंडोज मीडियातलं (विंडोज बसवायच्या डिस्कवरचं) सोर्सेसमधलं एसएक्सएस फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोजचे भाग चालू करणाऱ्या डिझम कमांडला तेच दाखवा.

हे सगळं स्वतःच्या संगणकावर तपासू नका, तिथे आधीच सगळं बसवलेलं असतं. कोरं विंडोज टाकलेलं व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) घ्या, त्याचं नेटवर्क बंद करा आणि फक्त पेनड्राइव्हवरून पहिली पावती छापून बघा. दसऱ्याच्या आत.